प्राणवायू किती: नव्वदच्या अलीकडे की पलीकडे?

अठ्ठावीस आठवडेही न भरलेल्या बाळाच्या पावलाला पल्स ऑक्सिमीटरची पट्टी गुंडाळलेली असते. कातडी इतकी पातळ की पट्टीतला लाल दिवा आरपार दिसतो. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी, ८४ वर उतरलं की अलार्म वाजतो आणि सिस्टर ऑक्सिजन थोडा वाढवतात. जरा वेळाने आकडा ९७ वर जातो, पुन्हा अलार्म, मग ऑक्सिजन कमी. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, दिवसरात्र हेच चालतं. हा आकडा नेमका किती ठेवायचा, हे ठरवायला वैद्यकाला साठ-सत्तर वर्षं लागली.

१९४०च्या दशकात काचेच्या पेटीतल्या बाळांना ऑक्सिजन सढळ हाताने दिला जाई. बाळं जगली, पण जगभरात सुमारे १०,००० मुलं आंधळी झाली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी जास्तीच्या ऑक्सिजनवर बोट ठेवलं. गर्भात ऑक्सिजन कमीच असतो आणि ती कमतरताच डोळ्याच्या पडद्यातल्या रक्तवाहिन्यांना वाढायला लावते. बाहेर आल्यावर तो भरपूर मिळाला की वाढ खुंटते. पुढे उपाशी राहिलेला पडदा वेड्यावाकड्या वाहिन्या फोडू लागतो आणि त्या पडद्यालाच ओढून सोडवतात. या आजाराला आरओपी (रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी) म्हणतात.

मग ऑक्सिजन आखडता घेतला गेला आणि अंधत्व घटलं. पण १९७३ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ केनेथ क्रॉस यांनी अंगावर काटा आणणारा अंदाज मांडला: एका मुलाची दृष्टी वाचवताना सुमारे १६ बाळं दगावली असावीत.

उत्तर शोधायला अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये मिळून पाच चाचण्या झाल्या. २८ आठवड्यांच्या आत जन्मलेली जवळपास ५,००० बाळं त्यांत होती. निम्म्यांचं सॅच्युरेशन ८५ ते ८९ ठेवायचं, निम्म्यांचं ९१ ते ९५. कोणतं बाळ कोणत्या गटात, हे डॉक्टर-सिस्टरना कळू नये म्हणून ऑक्सिमीटरच मुद्दाम बदलले होते. यंत्रावर ९० दिसलं, तर एका गटात खरा आकडा ८७ असे आणि दुसऱ्यात ९३. सगळ्यांनी ८८ ते ९२ राखायचं, एवढीच सूचना. मला ही युक्ती फार मोलाची वाटते, कारण आपल्या समजुतीप्रमाणे कळ फिरवण्याची सोयच तिने ठेवली नाही.

त्यातच ब्रिटनच्या संशोधकांना नोंदींत विचित्र काही दिसलं. ८७ ते ९० मधले आकडे अपेक्षेपेक्षा कमी वेळा येत होते. यंत्राच्या मूळ गणितातच दोष होता आणि त्या टप्प्यातलं सॅच्युरेशन थोडं जास्त दाखवलं जात होतं. सॉफ्टवेअर दुरुस्त झाल्यावर ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियाच्या चाचण्यांत दोन गटांतला फरक उघडा पडला: दुरुस्त यंत्रांवर कमी ऑक्सिजनच्या गटात २३.१ टक्के बाळं दगावली, जास्तीच्या गटात १५.९ टक्के. नव्या बाळांची भरती तिथेच थांबवली गेली.

२०१८ मध्ये पाचही चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. मृत्यू कमी ऑक्सिजनच्या गटात १९.९ टक्के, जास्तीच्या गटात १७.१ टक्के, म्हणजे साधारण ३६ बाळांमागे एक जीव. आतडं सडण्याचा गंभीर आजारही कमी ऑक्सिजनच्या गटातच जास्त. उलट आरओपीवर उपचार करावे लागले ते १०.९ टक्के विरुद्ध १४.९ टक्के बाळांवर. मृत्यू आणि गंभीर अपंगत्व एकत्र मोजलं, तर ठोस फरक निघाला नाही. मला मात्र या दोन गोष्टी एका पारड्यात टाकणं पटत नाही. आरओपी वेळेत सापडला तर लेसरने किंवा इंजेक्शनने बहुतेकदा आवरतो. युरोपातल्या तज्ज्ञांनीही पुढे ९० ते ९४ हीच मर्यादा सुचवली.

अमेरिकेत तिथल्या चाचणीवरून वादही पेटला. मृत्यू किंवा अंधत्वाचा धोका संमतिपत्रात पालकांना पुरेसा स्पष्ट सांगितला नव्हता, असा ठपका २०१३ मध्ये तिथल्या सरकारी कार्यालयाने ठेवला. चाचणी गरजेची होती, असं मी मानतो. पण आई-बापांना ते सांगायलाच हवं होतं.

आपल्याकडे आरओपी थोड्या मोठ्या बाळांनाही होतो. म्हणून ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचे असतात. डिस्चार्ज मिळाला तरी ती तारीख कागदावर लिहून घ्या.