खर्च थोडका, अंतर साठ कोटी किलोमीटर

गुरूच्या युरोपा या उपग्रहाच्या वाटेवर यानात बिघाड झालाय. दोघं दुरुस्तीला बाहेर पडतात आणि एकाच्या पोशाखावर हायड्राझिन उडतं. हायड्राझिन म्हणजे यानाचं इंधन, अत्यंत विषारी. पोशाख फाटलेला नाही, माणूस धडधाकट आहे, दार हाताच्या अंतरावर आहे. तरी त्याला आत घेता येत नाही, कारण त्याच्याबरोबर ते विषही आत येणार आणि बंद यानातल्या साऱ्यांच्या फुप्फुसांत जाणार.

‘युरोपा रिपोर्ट’ या 2013 सालच्या चित्रपटातला हा प्रसंग मला त्यातल्या कुठल्याही थरारापेक्षा जास्त भिडला, कारण त्याच्यासारखं खरंच घडलेलं आहे. फेब्रुवारी 2001 मध्ये अवकाश स्थानकाच्या जोडणीचं काम चालू असताना रॉबर्ट कर्बीम या अंतराळवीराच्या अंगावर शीतक नळीतला अमोनिया उडाला आणि पोशाखावर त्याचे स्फटिक जमले. कर्बीम अर्धा तास उन्हात थांबले. उन्हानं स्फटिक उडून गेले, सोबत्यानं ब्रशनं पोशाख झाडून दिला, आणि मगच ते आत आले. पण ते ऊन पृथ्वीजवळचं होतं. गुरू सूर्यापासून पृथ्वीच्या पाचपटीहून जास्त दूर. तिथं पोचेपर्यंत ऊन सत्ताविसाव्या हिश्शावर आलेलं असतं. त्यात हायड्राझिन 2 अंश सेल्सिअसलाच गोठतं. जसजसं पुढं जावं तसतसा हा उन्हाचा उपाय लंगडा पडत जातो.

दिग्दर्शक सेबास्तियान कोर्देरो इक्वेडोरचे. हाताशी मोठ्या स्टुडिओचा पैसा नव्हता. मग त्यांनी यानातल्या, हेल्मेटमधल्या कॅमेऱ्यांनी टिपलेलं चित्रण म्हणूनच सगळी गोष्ट सांगितली. कॅमेरा जागेवरून हलत नाही, त्यामुळे बाहेरचं विश्व फारसं दाखवावं लागत नाही. ही काटकसर विज्ञानाच्या पथ्यावर पडली. खरा अंतराळप्रवास असाच असतो: महिनोन्‌महिने तेच डबे, तीच माणसं, तेच पडदे. पृथ्वीशी बोलावं म्हटलं तर गुरू जवळात जवळ असला तरी साठ कोटी किलोमीटरच्या आसपास, म्हणजे संदेश पोचायला 33 मिनिटं आणि उत्तर यायला आणखी तेवढीच. ‘काय करू?’ असं विचारून उत्तराची वाट बघण्यात तास जातो. चित्रपटात तर सौर वादळामुळे संपर्कच तुटतो.

युरोपाचा पृष्ठभाग उभा करायला त्यांनी नासाची खरी माहिती वापरली. हा गुरूचा उपग्रह आपल्या चंद्राहून थोडा लहान. वर बर्फाचं कवच, विषुववृत्ताशीसुद्धा उणे 160 अंश. गुरूभोवती साडेतीन दिवसांत फेरी मारताना त्याला सतत ताण आणि ढील मिळते, आतला भाग मळल्यासारखा होतो आणि त्या घर्षणातून उष्णता येते. त्यामुळे बर्फाखाली खारं पाणी द्रव राहत असावं. भक्कम पुरावा गॅलिलिओ यानाच्या चुंबकमापकानं दिला: गुरूच्या फिरत्या चुंबकक्षेत्राला युरोपाच्या आतून असा प्रतिसाद मिळतो, जणू आत वीजवाहक थर आहे. पृथ्वीवरच्या साऱ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी तिथं असावं, असा अंदाज आहे.

इथं मात्र चित्रपटानं मला फसवलं. यान उतरतं, बर्फाला भोक पाडलं जातं आणि बघता बघता खालच्या पाण्यात कॅमेरा सोडला जातो. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक सरोवरापर्यंत पोचायला रशियन चमूनं 3769 मीटर बर्फ कापला. पाणी लागलं 5 फेब्रुवारी 2012 रोजी, दोन दशकांहून जास्त खटपटीनंतर. युरोपावरचं कवच 15 ते 25 किलोमीटर जाड असावं असं बरेच शास्त्रज्ञ मानतात. काही ठिकाणी ते पातळ असेलही, पण दुपारभरात आरपार? नाही पटत.

किरणोत्साराचा हिशेब मात्र बराचसा जमतो. गुरूच्या चुंबकक्षेत्रात अडकलेले वेगवान कण युरोपावर अखंड आदळतात. उघड्यावर दिवसाला सुमारे 5.4 सिव्हर्ट (सिव्हर्ट म्हणजे शरीराला बसणाऱ्या किरणोत्साराचं माप). उपचार न मिळाल्यास 4 ते 5 सिव्हर्टला निम्मी माणसं दगावतात. चित्रपटातली शास्त्रज्ञ बर्फावर पायी जाते तेव्हा मी आकडेमोड केली: दोन तासांना 0.45 सिव्हर्ट. किरणोत्सारात काम करणाऱ्यांना वर्षाला सरासरी 20 मिलिसिव्हर्टची मर्यादा असते. म्हणजे बाईंनी दोन तासांत बावीस वर्षांचा कोटा संपवला असता. तरी त्या जागीच कोसळल्या नसत्या. इतक्या वेळापुरतं चालणं शक्य आहे, मुक्काम नाही.

यंत्रांनाही मुक्काम परवडत नाही. 14 ऑक्टोबर 2024 रोजी निघालेलं नासाचं युरोपा क्लिपर एप्रिल 2030 मध्ये गुरूपाशी पोचेल, पण ते युरोपाभोवती फिरणार नाही. गुरूला मोठ्या लांबट फेऱ्या मारत ते 49 वेळा युरोपाजवळ झेप घेईल, कधी अवघ्या 25 किलोमीटरवर, आणि लगेच दूर पळेल. त्याचं इलेक्ट्रॉनिक सामान धातूच्या जाड भिंतींच्या पेटीत कोंडलेलं आहे.

त्या पायी जाणाऱ्या शास्त्रज्ञेला अंधारात निळसर उजेड दिसतो. तो कशाचा, हे सांगून मी कुणाचा विचका करणार नाही. पण 2020 साली नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीत मूर्ती गुडिपाटी आणि सहकाऱ्यांनी युरोपासारखा खारट बर्फ तयार करून त्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तेव्हा तो बर्फ खरोखरच चमकला. हिरवट, कधी निळसर. साधं मीठ असेल तर चमक मंदावते, मॅग्नेशियम सल्फेट असेल तर वाढते. म्हणजे युरोपाच्या रात्रीच्या बाजूवरून जाताना क्लिपरला ही चमक टिपता आली, तर कुठला भाग किती उजळ आहे यावरून त्या बर्फात कोणतं मीठ आहे हे कळू शकेल. बर्फातलं मीठ खालच्या समुद्रातून वर आलेलं असेल, तर भोक न पाडताच त्या पाण्याची चव घेता येईल.