ज्ञानाची देवाणघेवाण, संस्थांतर्गत (ग्रामीण विदर्भ)

संस्थेत काम करणाऱ्या माणसांनी कामातून मिळवलेली समज, कसब व माहिती एकमेकांपर्यंत पोचवण्याची प्रक्रिया. कामाच्या ठिकाणचे वातावरण, वरिष्ठांची वागणूक आणि हाताशी असलेली साधने यांवर ती कमीअधिक होते. व्यवस्थापनशास्त्रात हा विषय १९९० नंतर पुढे आला, तो मुख्यतः इकुजिरो नोनाका व हिरोताका ताकेउची यांच्या जपानी कंपन्यांवरील मांडणीमुळे. त्यामागे मायकेल पोलानी यांची अव्यक्त ज्ञानाची कल्पना आहे : माणसाला जेवढे सांगता येते, त्याहून जास्त त्याला कळत असते. विदर्भाच्या ग्रामीण भागात ही चौकट लावायची तर कंपनी बाजूला ठेवून जिनिंग (कापसातून सरकी वेगळी काढणारा कारखाना), सेवा सहकारी सोसायटी, प्राथमिक आरोग्य केंद्र, पंचायत समिती, बचत गटांचे ग्रामसंघ आणि ग्रामसभा यांच्याकडे पाहावे लागते.

अव्यक्त ज्ञानाचा चांगला नमुना म्हणजे कापसाचा ग्रेडर, खरेदी केंद्रावर मालाची प्रत ठरवणारा माणूस. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालून तो आतला माल काढतो, चिमूटभर रुई दोन्ही हातांनी ओढून तंतू सरळ करतो आणि अंगठ्यावर ठेवून धाग्याची लांबी सांगतो. मुठीत दाबून ओल ओळखतो. सरकी दाताखाली फोडून पाहणारेही आहेत. ओलावा मोजायचे मीटर आता केंद्रावर असते, पण मीटर कुठल्या थरात खुपसायचे हे हातालाच ठाऊक असते. हे कसब कागदावर उतरलेले नाही, हाताखाली राहूनच ते उचलावे लागते. महाराष्ट्रात १९७२ साली एकाधिकार कापूस खरेदी योजना (कापूस सरकारी यंत्रणेनेच विकत घ्यायचा) सुरू झाली, तेव्हा खरेदी करणाऱ्या सहकारी पणन महासंघाच्या केंद्रांवर अशी शिकण्याची सोय आपोआप होती. पुढे जुने ग्रेडर निवृत्त होत गेले, त्यांच्या हाताखाली नवे आले नाहीत, आणि ‘ग्रेडर नाही म्हणून केंद्र सुरू नाही’ ही तक्रार हंगामागून हंगाम ऐकू येऊ लागली.

सरकारी कार्यालयांत अडचण वेगळी आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली कायद्याने अधिकाऱ्याचा एका पदावरचा सर्वसाधारण कार्यकाळ तीन वर्षांचा धरला आहे. गडचिरोली किंवा मेळघाटात तेवढाही पुष्कळदा पुरा होत नाही. जाताना प्रभार दिला जातो. त्यात नस्त्या, शिक्के, कपाटाच्या किल्ल्या असतात. कोणत्या गावात पावसाळ्यात कुठला नाला अडवतो, कोणाच्या शब्दावर वस्ती लसीकरणाला येते, हे प्रभाराच्या यादीत बसत नाही. ते कार्यालयातल्या एखाद्या जुन्या लिपिकाला किंवा चालकाला माहीत असते. ‘साहेब, हे काम माझ्याशिवाय होत नाही’ या वाक्याला कार्यालयात जी किंमत आहे ती असेपर्यंत तो आपली वही दुसऱ्याला कशाला दाखवील?

ज्ञान असूनही न पोचल्याची मोठी किंमत २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्याने मोजली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन तिथे वीसहून अधिक माणसे दगावली. कीटकनाशके एकत्र मिसळू नयेत, वाऱ्याच्या दिशेने फवारावे, तोंड-हात झाकावेत, हे कृषी विद्यापीठाला नवे नव्हते. पण शेतकऱ्याचा रोजचा सल्लागार कृषी केंद्राचा दुकानदार, आणि पाठीवर पंप घेणारा बहुतेकदा रोजंदारीचा मजूर. डब्यावरच्या बारीक अक्षरातली सूचना त्याच्यापर्यंत जाण्याची वाटच नव्हती.

नेतृत्वाच्या बाबतीत गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्याचे मेंढा (लेखा) हे गाव अभ्यासण्याजोगे आहे. गावचे पुढारी देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकाराने तिथे अभ्यासगट व ग्रामसभा वेगळ्या ठेवल्या गेल्या. अभ्यासगटात कोणीही यावे, बाहेरच्या जाणकाराला बोलवावे, वाद घालावा. तिथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. बोललेले लगेच अंगावर येणार नाही ही खात्री असल्याने अज्ञान उघड करायला माणूस भीत नाही. पोळे न जाळता मध काढण्याची पद्धत अशाच अभ्यासातून आली. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क (जंगलावर सबंध गावाचा कायदेशीर हक्क) मिळालेल्या देशातील पहिल्या गावांत मेंढा होते, आणि वनहक्क कायद्याची ती कलमे गावाने आधीच घोटलेली होती. व्यवस्थापनशास्त्र ज्याला निर्भय वातावरण म्हणते ते इथे बैठकीच्या रचनेतूनच साधले. साध्या आढावा बैठकीत नेमके उलटे होते : जो अडचण सांगतो त्यालाच खुलासा मागितला जातो.

साधनांबद्दल बोलताना प्रथम मोबाइल आठवतो, पण या भागातले बोलके उदाहरण मण्यांचे आहे. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेने बाळांचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी श्वासमापक तयार केला. एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेवर ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी आला, म्हणजे श्वास फार जलद असला, तर उपचार सुरू करायचे. दहापर्यंतच मोजता येणाऱ्या दाईला हे पुरते. पुढे याच संस्थेच्या प्रशिक्षित आरोग्यदूतांनी घरोघरी केलेल्या नवजात बालसेवेचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले.

याच्या उलट, २०२१ मध्ये राज्यभर अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. निकृष्ट फोन आणि बालकांच्या पोषणाच्या नोंदी भरायचे इंग्रजीतले पोषण ट्रॅकर अॅप ही त्यांची तक्रार होती. अशा अॅपांतून माहिती वर जाते. ती भरणारीला आपल्या अंगणवाडीतले कोणते मूल घसरते आहे हे तिथूनच कळावे, असा विचार क्वचित होतो. कीड सर्वेक्षणाच्या क्रॉपसॅप प्रकल्पात तो निदान कागदोपत्री होता : शेतातील नोंदींवरून तज्ज्ञांचा सल्ला परत गावाकडे यायचा. व्हॉट्सअॅप गटांनी हा वेग वाढवला, मात्र तिथे आदेश, फोटो आणि सुप्रभात यांच्या गर्दीत प्रश्न विचारणारा विरळा. शिवाय संदेश मराठीत येतो. गडचिरोलीतल्या भामरागडची माडिया बाई किंवा मेळघाटातल्या धारणीचा कोरकू शेतकरी तो कोणाकडून तरी समजावून घेतो, आणि समजावणारी आशा किंवा सेविका त्याच बोलीतली असली, तरच तो पुरता पोचतो.