एक्स-रे स्वच्छ, मग धाप कसली?

‘छातीचा एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे फुप्फुसं ठीक’ हा समज जीपीए, एमपीए यांसारख्या एएनसीए व्हॅस्क्युलायटिसच्या (प्रतिकारशक्ती बिघडून लहान रक्तवाहिन्यांना सूज येण्याच्या आजाराच्या) रुग्णांमध्ये वर्षानुवर्षं फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सेंटिमीटरहून लहान गाठी, विशेषतः हृदयाच्या मागच्या, एक्स-रेत सहज निसटतात. फुप्फुसातला रक्तस्राव सुरुवातीला जेमतेम धुरकट दिसतो किंवा दिसतच नाही. त्यात खोकल्यातून रक्त पडेलच असंही नाही. धाप वाढली आणि हिमोग्लोबिन काही दिवसांत १-२ ग्रॅमने घसरलं, तर थांबू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

गाठी, पोकळ्या, धुरकट डाग पाहायला साधा एचआरसीटी (बारीक कापांचा सीटी स्कॅन) पुरतो. काप १ ते १.५ मिमीचे, कॉन्ट्रास्ट (शिरेतून देतात ते रंगद्रव्य) नको. अचानक धाप लागून छातीत कळ आली किंवा एक पाय सुजला, तर फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळीची शंका घेऊन सीटी पल्मनरी अँजिओग्राफी करतात. तिला कॉन्ट्रास्ट लागतो. या आजारात मूत्रपिंडंही बाधित असू शकतात आणि कॉन्ट्रास्टचा त्यांच्यावर ताण येऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्तचाचणीचा) ताजा रिपोर्ट जवळ ठेवा.

सीटीलाही मर्यादा आहेत. रिटुक्सिमॅब किंवा सायक्लोफॉस्फामाइड ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणाऱ्याला न्यूमोसिस्टिस न्यूमोनिया (बुरशीचा फुप्फुस-संसर्ग) झाला, तरी चित्र रक्तस्रावासारखंच धुरकट. तिथे ब्रॉन्कोस्कोपीतून (श्वासनलिकेत दुर्बीण घालून) फुप्फुस धुवून काढलेलं पाणी तपासावं लागतं. आणि पोकळी दिसली की लगेच टीबी ठरवायची आपल्याकडची घाई! आधी थुंकीची सीबीनॅट (टीबीचे जंतू शोधणारी) चाचणी करा. श्वास घेताना घशातून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर अडथळा स्वरयंत्राखाली असू शकतो. छातीच्या सीटीत तो भाग बहुधा येतच नाही.