४-२-४ व्यूहरचना

४-२-४ ही फुटबॉलमधील आक्रमक व्यूहरचना. गोलरक्षक सोडून उरलेल्या दहा जणांपैकी चार मागे बचावाला, दोन मध्यात आणि चार थेट आघाडीला, अशी तिची मांडणी. आघाडीतले दोन विंगर, म्हणजे कडेचे खेळाडू, टचलाइन (मैदानाची बाजूची रेषा) धरून राहतात आणि दोन स्ट्रायकर, म्हणजे गोल करणारे, गोलासमोर असतात. समोरच्या संघाकडे तीनच बॅक, म्हणजे बचावपटू, असले, तर चौघांना अडवायला एक माणूस कमी पडतो. १९५० च्या दशकात या रचनेचा दरारा निर्माण झाला तो यामुळेच.

ऑफसाइडचा नियम, म्हणजे पुढे चेंडू देताना आघाडीच्या खेळाडूसमोर प्रतिस्पर्ध्याचे किमान किती जण हवेत हे ठरवणारा नियम, १९२५ मध्ये सैल झाला. त्यानंतर प्रशिक्षक हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनल या इंग्लिश क्लबने तीन बॅकची पद्धत रूढ केली आणि ती पुढची कित्येक वर्षे चालली. तिला मोठा हादरा बसला २५ नोव्हेंबर १९५३ रोजी, लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर. हंगेरीने इंग्लंडला ६-३ ने हरवले. हंगेरीचा सेंटर फॉरवर्ड (आघाडीच्या मधला खेळाडू) हिदेगकुटी मुद्दाम मागे उतरायचा. त्याच्यामागे जावे की आपली जागा धरून राहावे, हे इंग्लंडच्या सेंटर हाफला, म्हणजे बचावाच्या मधल्या खेळाडूला, शेवटपर्यंत उमगले नाही आणि हिदेगकुटीने तीन गोल केले. ब्राझीलमध्येही याच दिशेने प्रयोग चालले होते.

१९५८ च्या विश्वचषकात प्रशिक्षक व्हिसेंते फिओला यांच्या ब्राझीलने ४-२-४ जगापुढे मांडली. पुढे गारिंचा, वावा, पेले, झागालो. मध्यात दिदी आणि झिटो. अंतिम सामन्यात स्वीडनने आधी गोल केला. मग उजव्या बाजूने गारिंचा बॅकला चकवून थेट गोलरेषेपर्यंत गेला, तिथून त्याने चेंडू आत ढकलला आणि वावाने तो जाळ्यात घातला. ३२ व्या मिनिटाला जवळपास तसाच दुसरा गोल झाला. निकाल ५-२. विंगर रुंदी राखतो म्हणजे नेमके काय करतो, हे समजून घ्यायला या दोन गोलांइतका चांगला धडा नाही.

पण या रचनेची किंमत मधल्या दोघांना मोजावी लागते. आंतरराष्ट्रीय मैदान किमान १०० मीटर लांब आणि ६४ मीटर रुंद असते. एवढ्या पट्ट्यात दोघांनी चेंडू हिसकावायचा, पुढे पोचवायचा आणि चेंडू गेला की परत धावायचे. समोर मध्यात तीन जण आले की हे दोघे सापडतात. झागालो डाव्या विंगवरून सतत मागे येऊन मदत करत असे, म्हणून ब्राझीलचे निभावले. १९६२ पर्यंत त्यांची मांडणी उघडच ४-३-३ झाली होती. आज ४-२-४ सबंध ९० मिनिटे क्वचितच दिसते. गोलाने मागे पडलेला संघ शेवटच्या काही मिनिटांत तिच्याकडे वळतो.

भारतीय राष्ट्रीय संघात ती रुजवण्याचे श्रेय हैदराबादचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांना दिले जाते. त्यांच्या हाताखाली भारत १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा आला आणि १९६२ मध्ये जकार्ता आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक मिळवले. पहिला गोल पी. के. बॅनर्जींचा, दुसरा जर्नेल सिंग यांचा. जर्नेल मुळात बॅक. डोक्याला टाके पडलेले असताना रहीम यांनी त्यांना आघाडीला खेळवले. कागदावरच्या आकड्यांपेक्षा कोणता खेळाडू कुठे कामी येईल याची ही जाण मोठी होती, आणि भारतीय फुटबॉलने तीच पुढे गमावली असे वाटते.

नागपूरकडे फुटबॉलची जुनी ओढ आहे. कामठीच्या रब्बानी क्लबचे नाव इथल्या मैदानांवर सगळ्यांना ठाऊक असते. विजय बारसे यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या स्लम सॉकरने झोपडपट्टीतल्या मुलांच्या पायात चेंडू दिला. हे खेळ बहुधा लहान मैदानावर, चार-चार जणांत होतात, त्यामुळे तिथे तयार झालेल्या मुलाला चेंडू गेल्याबरोबर मागे फिरायची सवय लागते. ४-२-४ खेळायची तर विंगरला नेमकी हीच सवय हवी. इथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. भर उन्हात मधल्या दोघांचा दम पहिल्या हाफमध्येच जातो, मग बाहेरून विंगरच्या नावाने एकच हाक सुरू होते : ‘मधात ये बे, मधात!’