टांझानियातल्या प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स क्लिनिकमध्ये व्हॉलंटिअर म्हणून जायचंय? पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

बीपीओची, म्हणजे कृत्रिम हातपाय (प्रोस्थेसिस) आणि आधार देणारे ब्रेस (ऑर्थोसिस) बनवायला शिकवणाऱ्या डिग्रीची, इंटर्नशिप संपत आली की कुणी ना कुणी विचारतंच, बाहेरच्या एखाद्या क्लिनिकमध्ये दोन-तीन महिने व्हॉलंटिअरिंग करायचंय, अर्ज कुठे करू? आणि तोपर्यंत बहुतेकांनी विमानाचे रेट बघून ठेवलेले असतात. तिकीट सगळ्यात शेवटी हो. आधी होस्टचं, म्हणजे तुम्हाला बोलावणाऱ्या क्लिनिकचं, लेटर, कारण व्हिसा, परमिट, इन्शुरन्स, इथली रजा, सगळं त्या एका कागदावर अडलेलं असतं.

सगळ्या देशांचं एकदम सांगत बसलो तर नुसता गोंधळ होईल, म्हणून इथे टांझानियातल्या मोशीचं उदाहरण धरतो. मोशी म्हणजे किलीमांजारोच्या पायथ्याचं शहर. तिथे केसीएमसी, म्हणजे किलीमांजारो ख्रिश्चन मेडिकल सेंटर, हे 1971 पासूनचं मोठं रेफरल हॉस्पिटल आहे आणि त्याच्याच आवारात टॅटकॉट ही ऑर्थोपेडिक टेक्नॉलॉजिस्ट घडवणारी संस्था, 1981 पासून चालू. आफ्रिकेतल्या कितीतरी देशांतली मुलं तिथे प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स शिकायला येतात. हे मुद्दाम सांगतोय, कारण आपण गरिबांना मदत करायला चाललोय असं काही डोक्यात असेल तर ते इथेच काढून ठेवा, तिथे शिकवणारे आणि बनवणारे दोघंही तयार आहेत, तुम्ही त्यांच्या हाताखाली काम करणार आहात.

आता पात्रता. क्वालिफाइड प्रोस्थेटिस्ट-ऑर्थोटिस्ट असाल तर प्रश्नच नाही, पण तुमचं आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेचं, रजिस्ट्रेशन चालू हवं. 1992 च्या कायद्याप्रमाणे सेंट्रल रिहॅबिलिटेशन रजिस्टरमध्ये नाव नसेल तर आपल्याकडेच प्रॅक्टिस करता येत नाही, मग बाहेरचे कशाला उभं करतील. रिन्युअल राहिलं असेल तर आधी ते उरका, सीआरई (चालू शिक्षणाचे) पॉइंट्स कमी पडले म्हणून ऐनवेळी अडकणारे दरवर्षी दिसतात. विद्यार्थी असाल तर इलेक्टिव्ह (कोर्समधलं निवडीचं ट्रेनिंग) म्हणून अर्ज करायचा, केसीएमसी परदेशी विद्यार्थ्यांना इलेक्टिव्हला घेतं, पण कॉलेजचं पत्र लागतं आणि काम पूर्णपणे सुपरव्हिजनखाली. फिजिओथेरपिस्टना गेट ट्रेनिंग (चालायला शिकवणं) आणि स्टंप केअर (कापलेल्या अवयवाच्या उरलेल्या भागाची काळजी) यासाठी वाव असतो. वर्कशॉपमध्ये हात बसलेला टेक्निशियन तर कुठल्याही क्लिनिकला आवडतो, डिग्रीपेक्षा त्याचं ड्रेपिंग, म्हणजे गरम प्लास्टिकची शीट साच्यावर बसवणं, बघतात.

आणि ज्यांचा या फील्डशी काहीच संबंध नाही त्यांचं काय? खरं सांगू का, पेशंटच्या जवळपास तुमचं काम नाही. काही एजन्सी फी घेऊन कुणालाही प्लास्टर रूममध्ये उभं करतात आणि "कास्ट (प्लास्टरने घेतलेलं माप) घ्यायचा अनुभव" म्हणून विकतात. असं पॅकेज दिसलं की तिथूनच मागे फिरा. कास्ट चुकला तर सॉकेट, म्हणजे स्टंप ज्यात बसतो तो भाग, चुकतं, सॉकेट चुकलं तर स्टंपवर जखम होते, आणि डायबेटिसच्या पेशंटला ती जखम किती महागात पडते हे या धंद्यातल्या कुणालाही विचारा. अकाउंट्स, कॉम्प्युटर, मशीन दुरुस्ती असलं काही येत असेल तर तसं स्पष्ट लिहून विचारा.

आणखी एक गोष्ट लोक कायम मिसळतात. आरसीआयचं रजिस्ट्रेशन वेगळं आणि आयएसपीओची मान्यता वेगळी. आयएसपीओ ही 1970 साली कोपनहेगनमध्ये स्थापन झालेली इंटरनॅशनल सोसायटी, ती कोर्सला मान्यता देते. अर्जात "तुमचा कोर्स आयएसपीओ मान्य आहे का" असं विचारलं असेल तर अंदाजाने हो लिहू नका, तुमच्या इन्स्टिट्यूटचं नाव त्यांच्या यादीत आहे का ते बघा. नसेल तर नाही लिहा आणि आरसीआयचा नंबर द्या. मुंबईत हाजी अलीला असलेल्या एआयआयपीएमआर या पुनर्वसन संस्थेतून बीपीओ किंवा एमपीओ (याच विषयातली मास्टर्स) केलेल्यांनी सिलॅबसची कॉपी सोबत जोडली तर समोरच्याला अंदाज येतो.

किती दिवसांसाठी जायचं? जितकं जास्त तितकं होस्टला बरं. डब्ल्यूएचओच्या 2017 च्या स्टँडर्ड्समध्ये जगभरात साडेतीन ते चार कोटी लोकांना प्रोस्थेसिस-ऑर्थोसिसची गरज आहे असा अंदाज दिलाय, आणि ट्रेन्ड माणसं अगदीच थोडी. त्यामुळे तुम्ही दोन आठवड्यांसाठी गेलात की तिथला सीनिअर पेशंट सोडून तुम्हाला कपाटं दाखवत बसतो. शिवाय नवीन पाय दिला म्हणजे काम संपलं असं नसतं, स्टंप आटतो, सॉकेट सैल होतं, स्टंपवरचे मोजे वाढवावे लागतात, लहान मूल असेल तर काही महिन्यांत उंचीच बदलते. फॉलोअपला तुम्ही तिथे नसाल तर ते काम दुसऱ्याच्या गळ्यात.

बरं, आता मेल कसा करायचा. लांबलचक भावना नकोत. एक पानी सीव्ही, त्यात गेल्या वर्षभरात स्वतः काय काय बनवलं ते लिहा: बिलो-नी (गुडघ्याखालचे पाय) किती, अबोव्ह-नी (गुडघ्यावरचे) किती, एएफओ (घोटा-पावलाचे ब्रेस), केएएफओ (गुडघ्यासकट पूर्ण पायाचे ब्रेस), स्पायनल ब्रेस, क्लबफूटचे ब्रेस. लॅमिनेशनवर (रेझिनचे थर देऊन बनवणं) जास्त काम केलंय का पॉलीप्रोपिलीनवर (गरम करून वळवायचं प्लास्टिक) हे जरूर लिहा, कारण जिथे रेड क्रॉसच्या पॉलीप्रोपिलीन पद्धतीने काम चालतं तिथे कार्बन फायबरचा अनुभव फारसा उपयोगी पडत नाही. शेवटी तारखा, आणि राहण्या-खाण्याचा खर्च मी करणार की तुम्ही देणार हा सरळ प्रश्न. तो विचारायला लाजू नका.

होस्टकडून जे लेटर येईल त्यात चार गोष्टी हव्यात: तारखा, सुपरव्हायझर कोण, तुम्ही नेमकं काय करणार आणि काय करणार नाही, आणि परमिटचा अर्ज कोण करणार. नुसतं "वी आर प्लीज्ड टू वेलकम यू" असलेलं पत्र इमिग्रेशनच्या उपयोगाचं नाही. तिथे प्रॅक्टिससाठी तात्पुरतं प्रोफेशनल रजिस्ट्रेशन लागेल का, हेही याच मेलमध्ये लेखी विचारून घ्या.

टांझानियाचा ऑर्डिनरी व्हिसा ऑनलाइन मिळतो, 50 डॉलर, आणि लोक तोच काढून जातात. तो टुरिस्टसाठी आहे. क्लिनिकमध्ये बिनपगारी काम केलं तरी ते कामच धरलं जातं. व्हॉलंटिअर, विद्यार्थी, रिसर्चर यांच्यासाठी क्लास सी रेसिडेन्स परमिट असतं, त्याचे कागद होस्ट संस्थेमार्फत जातात. तीन महिन्यांच्या आतल्या कामासाठी बिझनेस व्हिसाचा प्रकार आहे, त्याची फी बरीच जास्त. तुमच्या केसमध्ये यातलं कुठलं लागू होतं ते होस्टच्या ऑफिसकडून लिहून घ्या. "इथे सगळे टुरिस्टवरच येतात" असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका, पकडले गेलात तर दंड तुम्ही भरणार, म्हणणारा नाही.

कागदांची फाइल अशी: निघायच्या तारखेपासून किमान सहा महिने व्हॅलिड पासपोर्ट, डिग्री आणि मार्कशीट, आरसीआय सर्टिफिकेट, आरसीआयचंच गुड स्टँडिंग सर्टिफिकेट (तुमच्यावर कारवाई नसल्याचं; हे मागवायला वेळ लागतो, सगळ्यात आधी यालाच हात घाला), दोन रेफरन्स लेटर, त्यातलं एक तुमचं काम प्रत्यक्ष बघितलेल्या सीनिअरचं, मेडिकल फिटनेस, हिपॅटायटिस बी आणि धनुर्वाताच्या लसींची नोंद, आणि पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे पीसीसी. पीसीसी पासपोर्ट सेवा पोर्टलवरून काढायचं, फी 500 रुपये, अपॉइंटमेंट घेऊन जायचं. पासपोर्टवरचा पत्ता जुना असेल तर पोलीस व्हेरिफिकेशनला फेरे होतात, भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी रेंट ॲग्रीमेंट जवळ ठेवा. लहान मुलांचे पेशंट असतात म्हणून पीसीसी हवंच, सोबत बालसुरक्षेचा फॉर्म सही करायला देतात, त्यात परवानगीशिवाय फोटो काढायचे नाहीत हेही असतं. रील्सवाल्यांनी तो भाग दोनदा वाचावा.

डिग्रीचं ॲटेस्टेशन मागितलं तर आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, आणि मंत्रालयाचं अपॉस्टिल (हेग करारातल्या देशांत चालणारा शिक्का) पुरतं की पुढे दूतावासाचा शिक्काही लागतो हे देशावर ठरतं. न विचारता आधीच करून ठेवू नका, एजंटचे पैसे वाया जातात.

लसीकरणात खरी गंमत आहे. भारतातून थेट गेलात तर टांझानिया यलो फीव्हरचं कार्ड मागत नाही, पण मुंबईहून किलीमांजारो एअरपोर्टला जाणाऱ्या स्वस्त फ्लाइट्स बऱ्याचदा आदिस अबाबा किंवा नैरोबीवरून जातात, आणि तिथे 12 तासांपेक्षा जास्त थांबलात की कार्ड लागतं. परत येताना तर आपलेच हेल्थ ऑफिसर विचारतात आणि कार्ड नसेल तर क्वारंटाइनमध्ये बसवू शकतात. त्यापेक्षा सरकारमान्य सेंटरवर लस घेऊन टाका. निघायच्या निदान 10 दिवस आधी, कारण कार्ड दहाव्या दिवसापासून लागू होतं, आणि एकदा घेतली की आयुष्यभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांशी बोला.

इन्शुरन्स घेताना बारीक अक्षरातलं वाचा. साध्या ट्रॅव्हल पॉलिसीत "मॅन्युअल वर्क" बऱ्याचदा वगळलेलं असतं, आणि तुम्ही तर राउटर नावाच्या घासायच्या मशीनवर सॉकेटची कड घासणार, ओव्हनमधून गरम शीट काढणार. बोट कापलं तर क्लेम नाकारतील. व्हॉलंटिअर काम कव्हर होतं असं कंपनीकडून मेलवर घ्या. प्रोफेशनल इंडेम्निटी, म्हणजे तुमच्या कामातल्या चुकीमुळे दावा झाला तर त्याचं कव्हर, वेगळी. वीकेंडला झांझिबारला जायचा विचार असेल तर ऑक्टोबर 2024 पासून तिथला स्वतंत्र इन्शुरन्स सक्तीचा आहे, 44 डॉलर.

सामानात जुने पार्ट्स भरून न्यायची फार हौस असते लोकांना. आधी यादी मेल करा, होस्टने हो म्हटलं तरच न्या आणि कस्टम्ससाठी त्यांचं डोनेशन लेटर जवळ ठेवा. 30 मिमीचे मॉड्युलर पायलॉन (कृत्रिम पायातली नळी) आणि पॉलीप्रोपिलीन सिस्टीमचे पार्ट्स एकमेकांत सहजासहजी बसत नाहीत, एकटा गुडघ्याचा जॉइंट नेला तर तो फळीवर धूळ खात पडतो. स्वतःची हत्यारं चेक-इन बॅगेत, सुरी चुकूनही केबिनमध्ये नको. आणि प्लास्टिकच्या कॅरीबॅग घरीच ठेवा, टांझानियात जून 2019 पासून बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतात. चकली-चिवडा कापडी पिशवीत.

तिथून परत निघायच्या आठवडाभर आधीच एक्सपिरियन्स लेटर मागून ठेवा, शेवटच्या दिवशी सही करणारा नेमका आउटरीचला (बाहेरगावच्या शिबिराला) गेलेला असतो. लेटरहेडवर तारखा, एकूण तास, कुणाच्या हाताखाली काय केलं एवढं आलं पाहिजे, एमपीओ किंवा बाहेरच्या मास्टर्सच्या अर्जाला ते जोडता येतं.