नीलगाय

आशियातील सर्वांत मोठा कुरंग. शास्त्रीय नाव बोसेलॅफस ट्रॅगोकॅमेलस. विदर्भात रोही म्हणतात. बोसेलॅफस या प्रजातीत आज ही एकच जाती हयात आहे आणि तिचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग आहे तो चिमुकला चौसिंगा.

पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी दीड मीटरपर्यंत उंच भरतो. वजन २५० किलोग्रॅमच्याही पुढे जाऊ शकते. पाठ खांद्याकडून मागे उतरती, गळ्याखाली केसांचा झुपका, खुरांच्या वर पांढरे पट्टे. निळसर राखी रंग नराचाच; मादी आणि पिल्ले पिवळसर तपकिरी असतात. शिंगेही नरालाच, आणि एवढ्या मोठ्या देहावर ती जेमतेम वीतभर. मादीला पुष्कळदा जुळी होतात.

मूळ अधिवास भारतीय उपखंडातच आहे : हिमालयाच्या पायथ्यापासून दक्षिणेस कर्नाटकापर्यंत, नेपाळच्या तराईत, आणि पाकिस्तानात भारताच्या सीमेलगत. बांगलादेशातून ती नाहीशी झाली. टेक्सासमधले कळप माणसाने विसाव्या शतकात तिकडे नेलेल्या जनावरांचे वंशज आहेत.

नकाशापेक्षा रानाचा पोत पाहिला की या प्राण्याचा वावर अधिक नीट कळतो. नीलगाईला दाट जंगल मानवत नाही. काटेरी झुडपे, विरळ झाडी, गवताळ माळ, नदीकाठचे सपाट रान ही तिची जागा. म्हणून ती कोकणातल्या ओल्या जंगलात आढळत नाही आणि विदर्भात, ताडोबाच्या आत आणि बाहेरही, दिसते. गवत, पाला, शेंगा, फळे सगळे तिला चालते. पाण्यावाचूनही बराच काळ निभते. ती एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकते आणि त्यांतून बिया रानभर पसरतात. हे तिचे काम फारसे कोणी मोजत नाही.

हेच सपाट रान शेतीलाही हवे असते. पडीक माळ आणि गायराने नांगराखाली गेली, तसे कुरण आणि पीक यांतले अंतर संपले. हरभरा, तूर, गहू यांत कळप शिरला की खाण्याइतकेच नुकसान तुडवण्याने होते. शेतकरी रात्ररात्र जागल करतात, आणि त्यांचा संताप रास्त आहे. बिहारच्या काही जिल्ह्यांत २०१५ साली केंद्र सरकारने नीलगाईला वर्षभरासाठी उपद्रवी प्राणी घोषित केले होते. एरवी वन्यजीव संरक्षण कायद्याचे तिला संरक्षण आहे. महाराष्ट्रात तिने केलेल्या पीकहानीची भरपाई वनविभाग देतो.