कंपायलर बंद झाला म्हणून मोटारीचं कार्ड मरत नाही

आमच्या दारव्हा भागात पाण्याच्या मोटारीचं कार्ड, म्हणजे पॅनलमधली मोटार चालू-बंद करणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, दुरुस्तीला नेलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "चिप जुनी आहे, तिचा कंपायलर बंद झाला, आता नवं पॅनलच घ्या." हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत शेतकरी हे ऐकून पैसे मोजतो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण ते खरं नाही.

कंपायलर म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम चिपला कळेल अशा कोडमध्ये बदलणारं सॉफ्टवेअर. त्याचं काम प्रोग्राम चिपमध्ये भरण्याआधीच संपतं. नंतर रात्री लाइन आली की मोटार सुरू करायला त्याची गरज पडत नाही. परवा एका कार्डावर चाळीस पायांची एटी८९एस५२ ही चिप सॉकेटमध्ये शाबूत होती. रिलेचे कॉन्टॅक्ट मात्र काळे पडलेले आणि कपॅसिटर फुगलेला. दोन्ही बदलले, मोटार चालू.

ही चिप ८०५१ घराण्यातली. इंटेलनं ते 1980 मध्ये आणलं. पुढे इंटेलनं स्वतःचं उत्पादन थांबवलं, पण एसडीसीसी हा मोफत कंपायलर आजही ८०५१ साठी कोड बनवतो. अर्डुइनो ऊनो या शिकाऊंच्या आवडत्या बोर्डावरच्या एव्हीआर चिपबद्दलही अशीच हूल उठली होती. जीसीसी या मोफत कंपायलरमधली एक जुनी अंतर्गत पद्धत काढायची होती आणि त्यातले वेगवेगळ्या चिपसाठीचे जे विभाग नव्या पद्धतीवर येणार नाहीत ते वगळले जाणार होते. एव्हीआरचा विभाग वेळेत बदलला गेला, तो टिकला.

खरी अडचण वेगळीच आहे. मूळ सोर्स कोड, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम, कार्ड बनवणाऱ्याकडे असतो आणि लॉक बिट (वाचायला अडवणारं कुलूप) लावलेल्या चिपमधून प्रोग्राम वाचता येत नाही. म्हणून चिपच जळाली तर कंपायलर असूनही हात बांधलेले. कार्ड घेतानाच विचारा: प्रोग्राम भरलेली सुटी चिप मिळेल का?